मदत हवी आहे: १९५१ ची लाकडी क्रिस-क्राफ्ट स्पीडबोट गळतेय आणि गेट-टुगेदर आठ दिवसांवर

नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथेच टाकतेय, अ‍ॅडमिन हलवतील.

आम्ही मिशिगनला असतो. गेल्या ऑक्टोबरात नवऱ्याने एका रिटायर्ड काकांकडून १९५१ ची क्रिस-क्राफ्ट रिव्हिएरा घेतली, १८ फुटी, महॉगनीची, वार्निश असं की त्यात बघून टिकली लावावी. सहा सिलेंडर, ९५ हॉर्सपॉवर. क्रिस-क्राफ्ट कंपनीचा कारखाना अल्गोनॅकला होता, म्हणजे इथून तासाभरावर, त्यामुळे बोट ट्रेलरवर घेऊन निघालं की पेट्रोल पंपावर एक तरी आजोबा "माझ्या वडिलांकडे होती" म्हणत येतातच.

पुढच्या वीकेंडला अशाच जुन्या स्पीडबोटवाल्यांनी जमायचं ठरवलंय. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, बारा-पंधरा बोटी, सकाळी तळ्यात एक फेरी, दुपारी डॉकवर सगळ्यांनी आणलेलं खायचं आणि मग एकमेकांच्या इंजिनात डोकं घालून उभं राहायचं. मी बटाटेवडे कबूल करून बसलेय.

तर शनिवारी ट्रायल म्हणून बोट पाण्यात सोडली. दहा मिनिटंही झाली नसतील, पायाखालच्या फळ्यांतून पाणी वर आलं आणि लेकाची चप्पल तरंगत इंजिनापाशी. पंप चालू होता पण त्याला काही झेपेना. कशीबशी परत ट्रेलरवर चढवली तर अर्धा तास नुसती चाळणी. घरी येऊन खाली आडवी पडून पाहिलं, तळाच्या दोन फळ्यांमधे चक्क क्रेडिट कार्ड जातंय! हिवाळाभर गॅरेजमधे होती, तेही हीटर लावून, आमचंच शहाणपण.

नवरा म्हणतो सीलंट भरून टाकू, ट्यूबा आणूनही ठेवल्यात. मला धीर होत नाहीये. भरू का? की जायचंच रद्द करू?

प्रतिसाद १
ताई, त्या ट्यूबा आधी परत करून या. लाकूड पाण्यात फुगणार, त्याला जागा लागते. फट गच्च भरलीत आणि मग फळी फुगली तर ती शेजारच्या फळीला रेटते, स्क्रू उपटतात, आतल्या फासळ्या तडकतात. काकांना विचारा तळ ओरिजिनल आहे की ५२०० चा. ५२०० म्हणजे एक चिवट सीलंट, रिस्टोरेशनवाले नवीन तळ बसवताना थरांच्या मधे घालतात, तसा तळ भिजवत बसावं लागत नाही. पण क्रेडिट कार्ड जातंय म्हणजे तुमचा जुनाच असणार, फळ्यांचे दोन थर आणि मधे कॅनव्हास, तो सुकला की गळणारच.
आजपासून आत ओले टॉवेल पसरा, ते वाळू देऊ नका. पाइप लावून बोट भरू मात्र नका, ट्रेलरवर आतल्या पाण्याचं वजन तळाला सोसत नाही. दोन दिवसांनी कोणाच्या तरी डॉकला, जिथे वीज आहे तिथे, पट्ट्यांवर टांगून किंवा ट्रेलरसकट पाण्यात ठेवा. पंप दोन हवेत आणि बॅटरीला चार्जर, नाहीतर रात्रीत बॅटरी बसते आणि सकाळी बोटही.

प्रतिसाद २
आमच्या आजोळी विहिरीवर लाकडी बादली होती, उन्हाळ्यात चार दिवस कोरडी राहिली की गळायची. आजी ती रात्रभर हौदात बुडवून ठेवायची. सेम केस.
इंजिन मारायच्या आधी ब्लोअर (इंजिनापाशी साचलेली हवा बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवा आणि झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली तळाशी साचून राहते. जुन्या बोटीला ब्लोअर नसेल तर आधी तो बसवा, वडे नंतर.

धागाकर्ती
काकांना फोन केला, तळ जुनाच. म्हणाले "मी दरवर्षी मे महिन्यात आठवडाभर भिजवायचो, सांगितलं नव्हतं का?" नव्हतं हो!
शेजाऱ्यांच्या डॉकला टांगून आज चौथा दिवस. पहिल्या रात्री दोन्ही पंप सारखे चालू, मी दर दोन तासांनी टॉर्च घेऊन. आता एकच पंप, अर्ध्या तासाने मिनिटभर वाजतो. फटीत कार्ड काय, नखही जात नाही. ब्लोअर होता, वायर तुटलेली, नवऱ्याने जोडली.
आता शेवटचं: ४० वडे पुरतील का ३० माणसांना? अमेरिकन लोक एकावर थांबत नाहीत असा अनुभव आहे.

प्रतिसाद ३
८० करा. आणि हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्यावरचा कारखान्याचा नंबर, शोधून ठेवा, व्हर्जिनियाच्या मरीनर्स म्युझियममधे क्रिस-क्राफ्टची जुनी नोंदीची कार्डं आहेत, त्या नंबरावरून तुमची बोट कुठल्या डीलरकडे गेली ते कळतं. डॉकवर पहिला प्रश्न तोच येणार.