इथे विकता येत नाही ते डिझेल इंजिन बाहेरच्या देशात पाठवणं बरोबर आहे का?

चाकणचा_फिटर:
1 जानेवारी 2025 पासून आपल्याकडे नव्या एक्स्कॅव्हेटर, बॅकहो, लोडरला सीईव्ही स्टेज 5 हा धुराचा नवा नियम आला, जनरेटरला त्याच्या आधीच, जुलै 2023 पासून सीपीसीबी 4 प्लस हा तसाच नियम. काजळीचा फिल्टर, धुरातला विषारी वायू मोडायला युरियाची टाकी, ढीगभर सेन्सर, सगळं आलं आणि भावही चढले. पण एक्स्पोर्टची ऑर्डर असली की जुनं स्टेज 3 चं इंजिन बसवून मशीन न्हावाशेवाला रवाना, आणि जनरेटरच्या नियमात तर एक्स्पोर्टला सरळ सूटच आहे. 100 किलोवॅटचं इंजिन धरा, स्टेज 3 मध्ये काजळीची मर्यादा 0.3 ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, स्टेज 5 मध्ये 0.015. वीसपट फरक! आपल्या पोराच्या नाकाला जे चालत नाही ते आफ्रिकेतल्या पोराच्या नाकाला कसं काय चालतं? मला तर हे पटत नाही.

दारेसलाम_सर्व्हिसवाला:
दादा तुमची कळकळ समजली, पण एकदा इकडे येऊन बघा. मी टांझानिया, झांबिया, काँगोच्या साइटवर मशीन उघडतो, तेच पोटापाण्याचं काम. स्टेज 5 च्या इंजिनाला 10 पीपीएम (दहा लाखांत 10 भाग) सल्फरचं डिझेल लागतं, इकडे पूर्व आफ्रिकेत 2015 ला नियम आला तो 50 चा, तोही पंपावर, खाणीवर बॅरलमधून काय येतं ते बॅरललाच माहीत, त्यात रॉकेल मारलेलं असलं तर मग बोलायलाच नको. सल्फरने धूर साफ करणारं कॅटॅलिस्ट मरतं, फिल्टर चोक होतो, साचलेली काजळी जाळायचं रीजनरेशन होत नाही, मशीन पॉवर कट करून उभं राहतं आणि लॅपटॉप घेऊन येणारा माणूस दोन दिवसांच्या अंतरावर. मग साइटवाले काय करतात? फिल्टर कापून पोकळ पाइप वेल्ड करतात. झालं तुमचं स्टेज 5. मेकॅनिकल पंपाचं इंजिन असेल तर गावातला फिटर पंप-नोझल खोलून संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. मोठ्या कंपन्यासुद्धा युरोपातली जुनी मशीन अशा देशांत जाताना हे सगळं काढायचं किट देतात, ते काय वेडे म्हणून नाही.

नागपूरची_ताई:
डिझेलचं कारण सगळीकडे लागू होत नाही ना पण! नेपाळचंच घ्या, तिथलं डिझेल इंडियन ऑइलच पुरवतं, म्हणजे आपल्याच रिफायनरीतलं. तिथे जुनं इंजिन पाठवताना कुठलं कारण सांगणार? आणि काँगोतल्या खाणीचं उदाहरण देऊन सगळ्या आफ्रिकेला एका मापात मोजू नका. घानाने 2017 ला बाहेरून येणाऱ्या डिझेलमधल्या सल्फरची मर्यादा 3000 पीपीएमवरून 50 वर आणली. तोवर तेलाचे व्यापारीही हेच म्हणायचे की त्यांच्या कायद्यात बसतंय ना, मग आमचं काय चुकलं. कायद्यात बसतं हे मान्यच आहे हो, पण डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने 2012 लाच सांगून टाकलंय, ते इथे माहीत असताना तिकडे विकायचं हा मुद्दा आहे.

एक्स्पोर्ट_डेस्क:
बरं मग नका विकू, आपल्या जागी चीन उभाच आहे. त्यांच्याकडेही डिसेंबर 2022 पासून ऑफरोडला, म्हणजे रस्त्यावर न धावणाऱ्या मशीनना, त्यांचं स्टेज 4 आहे आणि बाहेर जुनी इंजिनंच जातात. आपण तत्त्व पाळलं तर तिकडच्या हवेत एका ग्रॅमचा फरक पडायचा नाही, फरक पडेल तो चाकणच्या शिफ्टमध्ये आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत. आणि अमेरिका? तिथेही एक्स्पोर्टचं लेबल लावलं की इंजिनाला त्यांचा नियम लागत नाही. मग साधुत्व फक्त आपणच का पाळायचं?

चाकणचा_फिटर:
अर्धंच सांगितलंत राव. माल जिकडे चाललाय तिकडे अमेरिकेसारखाच नियम असेल तर ती सूट मिळत नाही. म्हणजे समोरच्या देशात काय आहे ते निदान बघतात तरी. माझं म्हणणंही तेवढंच आहे, सरसकट स्टेज 5 पाठवा असं मी म्हणतच नाहीये, काँगोचं दारेसलामवाल्यांचं मान्य. पण स्टेज 3 नंतर डायरेक्ट 5 च असतं का? 2017 ते 2020 आपल्याकडेही डिझेल 50 पीपीएमचंच होतं आणि युरियावाले बीएस 4 (तेव्हाचा गाड्यांच्या धुराचा नियम) ट्रक त्याच्यावर धावलेच की. जिथे 50 पीपीएम खरोखर मिळतं तिथे फिल्टर नको, पण एससीआरवालं, म्हणजे युरियावालं, मधलं इंजिन तरी द्या. मशीन पंधरा-वीस वर्षं चालतं, आज गेलेलं स्टेज 3 तिकडचं डिझेल सुधारल्यावरही तोच धूर ओकत राहणार.

दारेसलाम_सर्व्हिसवाला:
शहरात हो, चालेल. दारेसलाम, नैरोबीत मोबाइल टॉवरखालच्या जनरेटरला मीही हेच म्हणेन, तिथे लोक शेजारीच झोपतात आणि पंपावरचं डिझेल बऱ्यापैकी असतं. पण युरिया? आपले ड्रायव्हरच सुरुवातीला त्यात पाणी मारायचे, आठवतंय ना, इकडे तर तो डबा मिळायचीच मारामार. मशीन विकणाऱ्याने युरिया आणि सेन्सरचा स्टॉक डीलरकडे ठेवला तर बोला, नाहीतर पुन्हा वेल्डिंगच.

एक्स्पोर्ट_डेस्क:
म्हणजे डीलरचा खर्चही आमच्याच माथी, वा! अहो कोटेशनमध्ये दोन भाव टाका, साधं इंजिन आणि एससीआरवालं, गिऱ्हाईक कुठला घेतं बघा. स्वस्तातलंच घेणार, लिहून देतो.

नागपूरची_ताई:
घेईलही. पण तुमच्या कोटेशनमध्ये आज दुसरा भाव असतो का?

एक्स्पोर्ट_डेस्क:
मागितला तर देतो. आजवर कोणी मागितला नाही.