लहान मुलांसोबत दिवाडी बेटावर दोन दिवस – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिसेंबरात शनिवार-रविवार गोव्यातल्या दिवाडी बेटावर राहायचा विचार आहे. सोबत पाच वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. समुद्रकिनाऱ्यांची गर्दी यंदा नकोच. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडायची, शेतांमधल्या रस्त्यांवर मुलांना मनसोक्त हुंदडू द्यायचं, दुपारी ताणून द्यायची, एवढाच बेत. थोरल्याला बोटीचं भारी वेड, त्याला फेरीतच निम्मी सहल वसूल!

शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतून होडीने फिरवतात. दोन वर्षांच्या मुलीला नेणं कितपत सुरक्षित? तिच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळतं, की घरूनच न्यावं? सासूबाईंना जिने चढवत नाहीत, तेव्हा तळमजल्यावर खोली आणि कमी तिखट जेवण देणारं होमस्टे कुणी सुचवाल का? आणि रात्री शेवटची फेरी किती वाजता? मुलांना ताप आला तर डॉक्टर गाठता यायला हवा.