भिंतीतला जिना आणि हवेत उघडणारे दार

कोथरूडकर:
मुलीकडे इंग्लंडला गेलो असता सफोकमधील एका खेड्यातले पंधराव्या शतकातील चर्च पाहिले. आतल्या मोठ्या कमानीलगत भिंतीच्या जाडीत एक अरुंद, वळणाचा दगडी जिना आहे. पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, पण वरचे दार जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर थेट पोकळीत उघडते. तेथे ना सज्जा, ना तुळई. आपल्या कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये असे काही दिसत नाही. हा जिना कशासाठी असावा?

वास्तुवाचक:
तो रूड-लॉफ्टचा, म्हणजे माळ्याचा जिना. पूर्वेकडे वेदी असलेले चॅन्सेल आणि पश्चिमेकडे लोकांचे नेव्ह, हवे तर गाभारा आणि सभामंडप म्हणा, यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा असे, पडद्यावर माळा, आणि त्याच्याही वर क्रूसावरील ख्रिस्त व दोन बाजूंना मेरी आणि योहान यांच्या मूर्ती असत. मूर्तींपुढच्या मेणबत्त्या लावायला माळ्यावर चढावे लागे. पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेत मूर्तिपूजा त्याज्य ठरली, तेव्हा राजा सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत मूर्ती हटवल्या गेल्या आणि १५६१ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या हुकमाने माळेही उतरवले गेले. पडदे मात्र ठेवायचे होते. लाकूड उतरवता येते, भिंतीतला जिना फोडण्याचा खटाटोप कोण करणार! सेंट मेरीज १८२५ मधले, लष्करासाठी बांधलेले. तेथे या जिन्याचे प्रयोजनच नव्हते.

सदाशिवपेठकर:
खर्चाची विभागणीही लक्षात घ्यावी. चॅन्सेलची डागडुजी रेक्टरकडे, म्हणजे त्या चर्चच्या धर्माधिकाऱ्याकडे, आणि नेव्हची गावकऱ्यांकडे असे. त्यामुळे कापडाच्या व्यापारात पैसा आला, तेथे गावाने आपल्या वाट्याचे बांधकाम हात सैल सोडून केले. सफोकमधल्याच लॅव्हेनम गावच्या चर्चचा सुमारे ४३ मीटर उंच मनोरा त्याच श्रीमंतीतला आहे.

कोथरूडकर:
आभारी आहे. पडदा अजून जागेवर आहे. खालच्या फळ्यांवर रंगवलेल्या संतांचे फक्त चेहरे खरवडले आहेत, त्याचाही उलगडा झाला. वेदीच्या उजवीकडे, दक्षिणेच्या भिंतीत, कोनाड्यात भोक असलेले एक लहान दगडी तबक आहे. तेही त्याच काळातले का?

वास्तुवाचक:
होय, ते पिसीना. मास या प्रसादविधीनंतर पात्रे विसळलेले पाणी त्यात ओतत, आणि ते गटारात न जाता भिंतीतून थेट चर्चच्या पवित्र जमिनीत मुरे. शेजारी ओळीने तीन दगडी आसने असतील, तर ती पुरोहित आणि त्याच्या दोन सहायकांची.