आईला वृद्धाश्रमात 'आपलं' कसं वाटेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी आई ८१ वर्षांची. गुडघे अगदीच गेले, वाईच्या घरात एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून दिवाळीनंतर पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. जेवण वेळेवर, डॉक्टर येतात, माणसं चांगली. पण ती अजून तिथल्या जागेला 'खोली' म्हणते आणि वाईला 'आपल्याकडे'.

देव, गोधडी, अडकित्ता, सगळं नेऊन दिलं. मला वाटलं, घर म्हणजे हेच. मागच्या आठवड्यात एक रात्र तिच्याजवळ राहिले. पाचला उठली, वेणी घातली आणि साडेसहाचा चहा येईपर्यंत पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसून राहिली. साठ वर्षं घरातला पहिला चहा तिनेच टाकलाय. म्हणाली, "इथं मला कुणी काही मागतच नाही गं."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

खोलीत शेगडी चालत नाही, आगीची भीती, ते पटतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांसाठी औषधोपचारांबरोबर करमणुकीचाही उल्लेख आहे. आईला करमणूक नकोय, काम हवंय.

कुणी व्यवस्थापकांशी बोलून भाजी निवडणं, वाती वळणं असं काही मिळवून दिलंय का? कसं बोललात?

आणि गणपतीत चार दिवस वाईला न्यावं का? परतताना जास्त त्रास होईल, असं भाऊ म्हणतो. मला न्यावंसंच वाटतं. ज्यांनी नेलं त्यांनी कृपया सांगा, परतल्यावरचे पहिले आठ दिवस कसे गेले?