बोरीबंदरला बंदर कुठे आहे?

बोरीबंदर, मसजिद बंदर, चिंचबंदर ही नावं घेताना तिथे समुद्र दिसत नाही, मग त्यांना बंदर का म्हणायचं, असा प्रश्न पडतो. उत्तर 'बंदर' या शब्दाच्या जुन्या अर्थात आहे.

शब्द मूळ फारसी. इराणमधलं बंदर अब्बास सगळ्यांना माहीत आहे. आज आपण 'मुंबई बंदर' म्हणतो तेव्हा अख्खं बंदर, म्हणजे गोद्या, धक्के, गोदामं, सगळं धरतो. जुन्या मुंबईत मात्र गलबतं लागायची, माल उतरायचा ती किनाऱ्याची एकेक जागा म्हणजे एकेक बंदर. म्हणून एकाच शहरात इतकी बंदरं. लकडी बंदर, कोळसा बंदर ही नावं तर मालावरूनच पडली. 'हे बंदर' मधलं 'हे' आपलं दर्शक सर्वनाम नव्हे, ते इंग्रजीतलं hay, म्हणजे गवत!

पुढे भराव पडत गेले, किनारा पूर्वेला सरकला आणि नावं जागच्या जागी राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी सुटली ती बोरीबंदरहून. मला या नावांचं फार अप्रूप वाटतं: ती जोडत गेलं की जुना किनारा नकाशावर उमटतो. (मसजिद बंदरातली 'मशीद' म्हणजे सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये उभारलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, असं मानतात.)

'धक्का' वेगळा. तो बांधलेला असतो, होडी त्याला टेकते. भाऊचा धक्का तसा. 'गोदी' म्हणजे दरवाजे लावून आत पाणी अडवता येतं असा हौद, त्यामुळे ओहोटीतही जहाज तरंगतं. ससून गोदी १८७५ची, प्रिन्सेस गोदी १८८०ची. बातम्यांत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, ते खटकतं.

बंदरासाठी सरकारी कागदात येणारा 'पत्तन' हा शब्द संस्कृत. विशाखापट्टणम, नागपट्टिनम यांत तोच शब्द आहे, पण साताऱ्याकडचं पाटणही त्यातलंच, आणि तिथे समुद्र नाही. म्हणजे मूळ अर्थ नुसतं नगर असाही होतो. सरकारी कागदात पत्तन असू दे. बोलताना बंदरच म्हणावं. हिंदीतलं 'बंदरगाह' मात्र मराठीत नको. हिंदीसारखं माकडाला आपण बंदर म्हणत नाही, त्यामुळे इथे घोटाळा होण्याचा प्रश्नच नाही.

वापरातली एक बारीक गोष्ट: जहाज बंदरात येतं, माणूस बंदरावर उभा राहतो. पाणी धरलं की 'त', काठ धरला की 'वर'. कोळी मंडळी 'बंदरावर जातो' म्हणतात ते मासळी उतरते त्या काठाबद्दल, म्हणजे जुना अर्थ त्यांच्या तोंडी अजून शाबूत आहे.

मालवण-वेंगुर्ल्याकडच्यांनी सांगावं, तिकडे बंदर आणि जेटी यांत फरक करतात का?