आवाज गेल्यावर हॉकिंग बोलायचे कसे? (बाबांसाठी विचारतेय)

कृष्णाकाठ:
माझे बाबा निवृत्त गणित शिक्षक. दोन वर्षांपूर्वी शर्टाचं बटण लागेना, तिथून सुरुवात झाली. निदान: मोटर न्यूरॉन डिसीज, एएलएस, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. आता हात पूर्ण गेलेत. बोलणं फक्त आईला आणि मला कळतं, तेही सकाळी. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अहो, तो शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग बघा, याच आजारात ५५ वर्षं काढली त्याने!" बाबा डोळे मिटून घेतात. मला त्या वाक्याचा संताप येतो. पण परवा रात्री मनात आलं, की खरंच, हात नाही, आवाज नाही, तर तो माणूस समीकरणं कशी सोडवायचा? पाणी हवंय हे कसं सांगायचा? नीट माहिती असणाऱ्यांनी लिहा. धीर नका देऊ, माहिती द्या.

क्षितिज_७४:
कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तुमचा संताप रास्त आहे. हॉकिंगना १९६३ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी निदान झालं आणि डॉक्टरांनी दोनच वर्षं सांगितली होती. त्यांचा आजार विलक्षण सावकाश पुढे सरकला. तो अपवाद आहे, त्याची फूटपट्टी दुसऱ्या रुग्णाला लावू नये.

गणिताचं विचाराल तर, १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या व्याख्यानानंतर हा विद्यार्थी काठी टेकत उभा राहिला आणि तुमच्या गणितातली एक राशी अनंत होते, असं त्याने भर सभेत सांगितलं. काम हॉइल आणि आपल्या नारळीकरांचं होतं. नारळीकरांची खोली जवळच होती, त्यामुळे ती आकडेमोड त्याने आधीच पाहिली होती. पुढे पेन धरता येईना, तेव्हा पानंच्या पानं मांडणी करणं सुटलं. मग ते आकृतीतून विचार करू लागले: कृष्णविवराचं क्षितिज (ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा), त्याच्या काठावरचे प्रकाशकिरण, त्याचं क्षेत्रफळ. कृष्णविवरातूनही प्रारण बाहेर पडतं, हा १९७४ चा शोध त्याच काळातला. बाबांना हे वाचून दाखवा. भूमिती शिकवली असेल तर त्यांना लगेच उमगेल.

स्वरयंत्र:
मी वाचा-उपचार तज्ज्ञ आहे. हॉकिंगचा आवाज १९८५ मध्ये गेला. जिनिव्हात न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला. तो बंद करायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं. पत्नी जेन यांनी ठाम नकार दिला आणि त्यांना केंब्रिजला परत आणलं. श्वासनलिकेला छिद्र पाडावं लागलं, उरलंसुरलं बोलणंही थांबलं.

त्यानंतर कॉम्प्युटर यायच्या आधी काय होतं? एक अक्षरांचा तक्ता. समोरच्याने अक्षरावर बोट ठेवायचं, बरोबर असेल तर हॉकिंग भुवया उंचावणार. मग वॉल्ट वोल्टोस या प्रोग्रॅमरने 'इक्वलायझर' हा प्रोग्रॅम दिला. हातातलं एक बटण दाबून पडद्यावरचे शब्द निवडायचे, मिनिटाला साधारण १५ शब्द. हातही गेल्यावर चष्म्याला लावलेला सेन्सर गालाची हालचाल टिपायचा. शेवटी वेग मिनिटाला एखाद-दुसऱ्या शब्दावर आला होता.

तुम्हीही तक्त्यापासूनच सुरुवात करा. आपल्या वर्णमालेच्या ओळी मुळातच पाडलेल्या आहेत. "क-ओळ? च-ओळ? ट-ओळ?" विचारत जायचं. भुवया उंचावल्या की त्या ओळीत शिरायचं: ट, ठ, ड... शेवटी काना-मात्रांची ओळ. या आजारात डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते, म्हणून पुढे डोळ्यांवर चालणारं यंत्रही वापरता येतं. आणि एक गोष्ट आज रात्रीच करा: त्यांचा जेवढा आवाज उरलाय तो फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हाका, नातवंडांची नावं, शिव्या, सगळं.

माहेरवाशीण:
मी नवऱ्याचं हे सगळं केलंय, चार वर्षं. एकच सांगते. हॉकिंगच्या घरात तीन मुलं होती. १९७४ पासून एखादा विद्यार्थी त्यांच्याकडे राहायचा आणि उठवण्या-भरवण्यात हात द्यायचा. आवाज गेल्यावर चोवीस तास नर्स लागल्या, त्याचा पैसा अमेरिकेतल्या एका संस्थेने दिला. तोवर बहुतेक भार जेनवरच होता. ताई, रात्री कूस कोण बदलतं? आई असेल तर आठवड्यातून दोन रात्री तरी तिला दुसऱ्या खोलीत झोपू दे. माझी पाठ अजून धरलेली आहे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. आजपासून शनिवार-रविवार मी बाबांच्या खोलीत झोपणार, आईला विचारलंसुद्धा नाही.

तक्ता केला, जुन्या कॅलेंडरच्या मागे, जाड स्केचपेनने. पहिल्या दिवशी ट-ओळीत "ड" मिळाला, मग "डो". पुढे काही केल्या भुवया हलेनात. य, र, ल... "ल"वर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात चुकलेल्या पोराकडे बघायचे. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा "ल"पाशी तीच नजर. दहा मिनिटं गेली. शेवटी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, तू ळ लिहिलाच नाहीस."

डोळे कोरडे पडले होते त्यांचे. थेंब घातले. मग शेवटच्या ओळीत, ह च्या पुढे, मोठा ळ काढला.