"सगळंच उचलू द्या" म्हणणाऱ्यांनो, मग खेळता तरी कशाला?

खाडीकाठ (रत्नागिरी)

काल शेजारच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी लिहिलं की ॲक्शन गेममध्ये सामानाला मर्यादा घालणं म्हणजे खेळणाऱ्याचा छळ. "मी तलवार चालवायला पैसे मोजलेत, पिशवी आवरायला नाही." खाली प्लस वनची ही रांग. तिथे लिहिलं असतं तर प्रतिसादात हरवलं असतं, म्हणून वेगळी चूल मांडतोय.

अहो, पिशवी आवरणं हाच खेळ आहे. रेसिडेंट इव्हिल ४ घ्या, २००५चा. सामान ठेवायची ती चौकोनांची अटॅची आठवते का? शॉटगन आडवी बसत नाही म्हणून उभी करायची, रॉकेट लाँचर सापडला की त्या लांबड्यासाठी अर्धी अटॅची पुन्हा लावायची. हिरवा पाला, लाल पाला सुटा ठेवला तर दोन जागा खातो, एकत्र केला तर एक, आणि जखम पूर्ण भरते. मग हिरवा आताच खायचा की लाल मिळेपर्यंत अंगावर जखम घेऊन फिरायचं? हा प्रश्न मला कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त घाम फोडतो. सगळंच उचलता आलं असतं तर हा प्रश्नच पडला नसता.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) मध्ये तर हत्यारं मोडतात. लोक अजून रडतात त्यावरून. पण मोडतात म्हणूनच तर मी झाडाची फांदी घेऊन लढलोय, आणि वीज चमकायला लागल्यावर अंगावरचं सगळं लोखंड उतरवून लाकडी ढाल हातात घेतलीय. ठेवायच्या जागा वाढवायच्या तर खेळात जागोजागी लपवलेल्या 'कोरोक' बिया शोधा. एकूण ९००, पण सगळ्या जागा उघडायला ४४१ पुरतात. मी २०० पर्यंत पोचलोय आणि मजेत आहे.

आमच्याकडे आंब्याची पेटी भरणाऱ्याला विचारा, जागा कमी असण्यात काय कसब असतं ते. पेटी म्हणजे तीच अटॅची.

---

लोअर_बर्थ (डोंबिवली, गाव गुहागर)

ते सद्गृहस्थ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

साहेब, तुम्ही सोयीची उदाहरणं निवडलीत. स्कायरिम गेमबद्दल बोला की. सुरुवातीला ३०० वजन. ड्रॅगन मारला, वीर झालो, आणि त्याच्या एकेका हाडाचं वजन १५! तीन-चार उचलली की वीर चालतो कसा, तर डोक्यावर पाण्याचा हंडा घेतल्यासारखा. धावणं बंद, एका गावातून दुसऱ्या गावात उडी मारणं बंद. मग भर डोंगरात थांबून चीजची चाकं आणि रिकाम्या बाटल्या फेकत बसायचं. यात कुठला अंदाज, कुठलं कसब? लोकलने साडेनऊला घरी पोचतो, जेवण, पोरीचा अभ्यास, आणि हातात एक तास. त्यातली चाळीस मिनिटं मी भंगारवाल्याचं काम करतो.

आणि तुमची ती अटॅची. उघडली की खेळ थांबतो! कुऱ्हाड उगारलेला गावकरी हवेत थिजून उभा, आणि आपण निवांत पाल्याच्या जुड्या बांधतोय. कसला घाम फुटतो हो तुम्हाला? ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येही तेच. मरायला टेकलं की मेन्यू उघडा, सहा ताटं जेवा, ढेकर द्या, परत उभे.

---

तांडेलाचो_झिल (मालवण)

तुमी दोघव मोठे गेमवाले. आमचो आपलो मोबाईल आणि बीजीएमआय, तो बंदुकीचो गेम. २०२२च्या जुलैत गायब झालेला, २०२३च्या मेत परत इला, मधे काय काय केला ता इचारू नको. थंय बॅग उघडली म्हणान कोण थांबणा नाय. फर्स्ट एड शोधता शोधता मागसून गोळी येता आणि खेळ खलास. माझो चुलतभाव बॅगेत बारा फर्स्ट एड भरता आणि गोळये तीस. फर्स्ट एड नेता ७५ टक्क्यांपर्यंत, गोळये संपल्यार त्या ७५ टक्क्यांचा करतलंस काय? मेलो की बाराच्या बारा दुसऱ्याक.

होडयेर पण ताच. बर्फ जास्ती घेतलो तर मासळेक जागा नाय, कमी घेतलो तर मासळी कुसता. बापाशीन माका पयल्या खेपेक बर्फ भरूक सांगलो आणि मी दया येवन जरा कमी भरलंय, खलाशांक उचलूचो लागता म्हणान. परत इल्यावर बापूस चार दिवस बोलूक नाय. माका खाडीकाठाचा पटता.

---

पेंढा_आणि_पेटी (देवगड)

गेमचं मला काही कळत नाही, भाचा खेळतो म्हणून धागा उघडला. पण पेटीबद्दल वाटेल ते लिहिलेलं बघवत नाही.

पेटी म्हणजे चौकोनांची अटॅची नव्हे. आंबा काय विटेसारखा असतो? एकाच झाडाचे दोन आंबे सारखे नसतात. आधी फळ हाताने तोलून निवडायचं, मोठं एकीकडे, बारीक एकीकडे. त्याच पेटीत मोठं फळ ४ डझन बसतं, बारीक ८ डझनापर्यंत जातं. खाली पेंढा, थर, परत पेंढा. गच्च भरलात तर वाशीला पोचेपर्यंत डागणार, सैल ठेवलात तर घाटात एकमेकांवर आपटणार. तुम्ही तिकडे "शॉटगन उभी केली" म्हणून पाठ थोपटून घेताय. आंबा उभा करून दाखवा.

आणि रत्नागिरीच्या माणसाने पेटीचं कौतुक सांगावं म्हणजे कमालच.

---

खाडीकाठ

उपमा होती हो ती. पण शेवटचं वाक्य कशासाठी?

---

पेंढा_आणि_पेटी

कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे. बाजारात ज्याच्या त्याच्या खोक्यावर "देवगड" छापलेलं का असतं? कधी कोणी दुसऱ्याचा आंबा "रत्नागिरी" म्हणून विकल्याचं ऐकलंय?

---

खाडीकाठ

ऐकलंय! दरवर्षी ऐकतो! कर्नाटकचा आंबा आमच्या नावाच्या खोक्यात घालून विकतात, आणि घरी नेऊन कापला की गिऱ्हाईक शिव्या आम्हाला देतं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांना. एकट्या देवगडला नाही. तुमची साल पातळ आहे, हे मान्य. आंब्याची आणि एकूणच.

---

लोअर_बर्थ

वा. मी सामानाच्या वजनावर बोलत होतो.

तरी विषय निघालाच आहे तर, गेल्या वर्षी मला ५ डझनाची म्हणून पेटी मिळाली. वरच्या थरात देवाला ठेवावीत अशी फळं आणि खालच्या थरात लिंबं. कोणाची ते सांगत नाही, नाहीतर अजून दोन तालुके पेटतील. फोन केला तर म्हणाला, "दादा, मोजून घ्या, साठ आहेत ना?"

---

धागापाल

आंब्याला वेगळा धागा काढावा ही विनंती.

---

पेंढा_आणि_पेटी

काढतो. पण आधी एवढं सांगतो, की खाली बारीक आणि वर मोठं भरणारा बागायतदार नसतो, दलाल असतो. आमच्या वडिलांनी जन्मात असं केलं नाही. भाव पडला त्या वर्षी आईने म्हटलं होतं, सगळे करतात तर आपणही एक थर... वडील जेवणावरून उठून गेले. आता तुम्ही चालवा तुमचं बंदुकीचं.

---

केवडा (चिपळूण)

आंबे झाले असतील तर मूळ मुद्द्यावर येते, आणि खाडीकाठ यांना राग आला तर येऊ दे.

"जागा कमी असली की निवड करावी लागते, निवडीत गंमत असते." २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या अंगणात होतं तेव्हा आम्ही निवड केली होती. लाईट गेलेली. जिना अरुंद, हात चार. कागदांची पत्र्याची पेटी, आजीच्या गोळ्या, तांदळाचा डबा, सिलिंडर. भावाने पहिल्या खेपेला काय वर नेलं असेल? पीएस४. बाबांनी पायरीवरच त्याच्या कानाखाली दिली. कपाटातले अल्बम खालीच राहिले. नंतर चिखलातून काढले, पण फोटोंचा लगदा झाला होता. माझ्या बारशाचा आता एकही फोटो नाही.

तोच पीएस४ अजून चालतो आणि मी त्यावर विचर ३ खेळते. पुरानंतर सुरू केलेला. सुरुवातीला ६० वजनच उचलता येतं, खोगिराच्या पिशव्या मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. एकदा एक जुनी, निरुपयोगी तलवार टाकायची वेळ आली. तिच्याशी जोडलेली गोष्ट मला आवडली होती. मला टाकवेना. गेम बंद केला आणि दोन दिवस हात लावला नाही. मग कळलं की मूळ खेळात सामान ठेवायची पेटीच नव्हती, लोकांनी ओरड केली तेव्हा २०१५लाच अपडेटमधून दिली. माझ्याकडे ती होतीच, फक्त मी शोधली नव्हती. त्या पेटीत मी आजही कामाची नसलेली एकोणीस हत्यारं ठेवलीयत.

मला खेळात तरी काही टाकायचं नाहीये. प्लस वन लोअर बर्थ यांना.

---

खाडीकाठ

यावर काय बोलणार.

तरी एक बोलतो. विचरची पेटी यायलाच हवी होती, ते मी नाकारत नाही. पण त्यामुळे मर्यादा गेली नाही, ६०चे ६०च राहिले. फक्त टाकायच्या ऐवजी ठेवायची सोय झाली. म्हणजे मी म्हणतो तेच...

---

केवडा

बरं. तुम्ही म्हणता तेच.

---

लोअर_बर्थ

खाडीकाठ, थांबा जरा. दर प्रतिसादातून विजय काढायचाच का?

मी खरं तर एल्डन रिंगबद्दल लिहिणार होतो. २०२२चा. तिथे गाठोड्यात शंभर तलवारी ठेवा, वजन शून्य. वजन फक्त अंगावर चढवलेल्याचं. ३० टक्क्यांच्या आत असाल तर हरणासारखी कोलांटी, ७० टक्क्यांपर्यंत बरी, त्यापुढे पोतं टाकल्यासारखे आदळता. आणि बॅग उघडली म्हणून राक्षस थांबत नाही. मला चिलखत आवडलं म्हणून चढवलं, ७१ टक्के झालं, आणि एका टक्क्यापायी तीन रात्री मेलो. शेवटी शिरस्त्राण उतरवून बोडक्याने लढलो आणि जिंकलो. ही मर्यादा मला चालते. चीजची चाकं मोजणं चालत नाही. एवढाच फरक करा, मग मी तुमच्या बाजूला येतो. अर्धा.

---

खाडीकाठ

मग स्कायरिमचं तुमचं खरं, चला. ते वजन कोणी विचार करून ठेवलंय असं मलाही वाटत नाही. पण अटॅची सोडणार नाही. खेळ थांबतो म्हणता, पण ठरवलेलं निस्तरावं लागतं खेळ सुरू झाल्यावरच. आणि तिथे टाइपरायटरपाशी गेल्याशिवाय किंवा प्रकरण संपल्याशिवाय सेव्ह होत नाही. परवा वळवाच्या पावसात टाइपरायटरपासून दोन खोल्यांवर असताना लाईट गेली. सव्वा तासाचा खेळ पाण्यात. इन्व्हर्टर घेतला तो दुकानदार म्हणाला होता चार तास चालेल, चालतो अकरा मिनिटं.

---

तांडेलाचो_झिल

इन्व्हर्टरचा नाव काढू नको. आमचो तर फक्त पंखो फिरवता, तो पण उलटो.

---

लोअर_बर्थ

पेंढा आणि पेटी, अजून आहात का? १२ तारखेला गावी येतोय, परतीच्या गाडीत एका पेटीपुरतीच जागा आहे. ५ डझन. खालच्या थरासकट.

---

पेंढा_आणि_पेटी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दोन घ्या, पाय आखडून बसा.

---

खाडीकाठ

देवगडची घेणार म्हणजे? तुमचं गाव गुहागर ना? जिल्हा कुठला?

---

तांडेलाचो_झिल

लागला परत. हय लाईट गेली हा, मोबाईलात ९ टक्के. ह्यां भांडण वाचू काय एक म्याच मारू?